बिल्ला नंबर दोनशे चौदा

भुतंखेतं मी कधी मानली नाहीत बरं. शाळा चौथीपर्यंतच, पुढचं वाचणं-लिहिणं घरी बसून शिकले... पण एखाद्या बाईच्या अंगात आलं की मी आधी तिला पाणी पाजते आणि विचारते, सकाळपासून जेवली का? अशी मी. तरी हे लिहिताना हात थोडा थांबून राह्यला आहे.

आमचं गाव मारेगाव तालुक्यात. गावामागं जमिनीखालची कोळसा खाण होती, आता बंद आहे. आमच्या ह्यांनी सगळी नोकरी तिथंच काढली. खालचा कोळसा निघाला की वरची जमीन खचते, तिला भेगा पडतात. त्या मुरमानं बुजवायच्या, वर झाडं लावायची, मगच ती जमीन चराईसाठी गावाला परत... अशी अट आहे. ते काम आमच्या बायांच्या गटाकडं. खाणीचं बत्तीघर, म्हणजे कामगारांच्या बत्त्या ठेवायची खोली, पाडलं, एक भिंत तेवढी ठेवली, आणि तिच्या आधारानं आमच्या रोपांचं शेड उभं केलं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पळसाजवळ एक भेग होती, माणूस आडवा झोपेल एवढी. सोमवारी बुजवली, धुम्मस मारून दाबली. मंगळवारी सकाळी पाहतो तर उघडी! आतून वाफ निघून राह्यली, आणि वास... तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्ऱ्याचा.

"काय वं माय, खाली कोणी खर्रा घोटत बसला काय?" आमच्या गटातली शेवंता म्हणाली. "त्याले म्हणा एक पुडी वर पाठव!"

आम्ही हसलो आणि पुन्हा बुजवली.

घरी आले तर सून रडवेली. "आई, बाबा आजबी गुदमरले. कालच्याच टायमाले, अकरा वाजता."

अकराला आम्ही धुम्मस मारत होतो.

ह्यांना चूळ भरायला तांब्या दिला. तस्तात पडली ती पिवळी माती, भेगेत टाकतो त्या मुरमासारखी. आमच्या अंगणात सगळी काळी माती आहे, आणि हे तर दोन महिन्यांपासून खाटेवरून उठले नव्हते. डॉक्टर म्हणाले, खाणीच्या धुळीनं छाती गेली. असेल. पण दातांत मुरूम कुठून आला, ते त्यांना सांगता आलं नाही.

हे माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "कायले बुजवून राह्यले वं तुम्ही? मले वर यायचं हाय अजून."

मी ह्यांना भेगेचं काहीच सांगितलं नव्हतं.

बुधवारी भेग पुन्हा उघडी. खाणीच्या पर्यावरण विभागाची मॅडम आली. "मावशी, शुक्रवारी तपासणी आहे. ही उघडी दिसली तर गावाची जमीन अडकेल. उद्या काहीही करून बुजवा." मी मान हलवली. काय सांगणार होते? की ही भेग बुजवली तर माझा माणूस जाईल?

संध्याकाळी ह्यांची कानटोपी शोधायला पेटी उघडली. जुन्या खाकी शर्टाच्या खिशात पितळी बिल्ला... नंबर दोनशे चौदा. खाली जाताना बत्तीसोबत बिल्ला घ्यायचा, वर आलं की बत्तीघरात जमा करायचा. जमा नाही, म्हणजे माणूस अजून खालीच.

"अहो, हा घरी कसा?"

"शेवटच्या पाळीले ठेवून घेतला, आठवण म्हणून. खाण बंदच होऊन राह्यलती... कोण विचारते?"

गुरुवारी सकाळी एकटीच गेले. बिल्ला भेगेत टाकावा म्हणून हात पुढं केला — आणि थांबले. अगं बाई, खाली टाकला तर माणूस खालीच राहील ना! तशीच फिरले. शेडमधल्या बत्तीघराच्या त्या भिंतीत खिळा ठोकला, बिल्ला तारेनं आवळून बांधला, नंबर बाहेरच्या बाजूनं. आणि बत्तीघरातल्या बाबूला सांगावं तसं मोठ्यानं म्हटलं, "बाबूजी, दोनशे चौदा वर आला. घ्या जमा करून." शेडला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

मग बाया आल्या, भेग बुजवली. धुम्मसाचा एकेक ठोका माझ्याच छातीत बसत होता. अकराला घरी फोन लावला.

"बाबा? झोपले. घोरून राह्यले ना," सून म्हणाली.

मी तिथंच मातीत बसले.

शुक्रवारी भेग बंदच होती. तपासणी झाली, साहेब लोक गेले. मी रोपं काढायला शेडचं कुलूप उघडलं. बिल्ला तिथंच, तार मी पिळली तशीच घट्ट... पण नंबर भिंतीकडं.

घरी आले तर हे खाटेवर उठून बसलेले, हातात चहाची बशी. मी चपला काढायच्या आत म्हणाले, "उलटा केला का त्यानं?"

"कोणी?"

"लॅम्पवाल्यानं. माणूस वर आला का तो बिल्ला उलटा करते, नंबर भिंतीकडे. मंग झाली सुट्टी."

हे आजही आहेत. खर्रा मागतात, मी देत नाही. सून म्हणते, आई, तुम्हीच उलटा बांधला असन. असेल बाई. पण तार पिळताना दोनशे चौदा हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, तेवढं मला पक्कं आठवतं. बाकी काही उलगडत नाही.

बिल्ला अजून तिथंच आहे, मी काढला नाही. शेडमध्ये एकटी असले, तरी त्या भिंतीसमोरून जाताना डोक्यावर पदर घेते.