सांबराच्या शिंगांचा अर्ज

वनविभागाच्या अर्जात पहिलाच रकाना 'प्राण्याचे नाव' असा होता आणि त्यात मी माझं नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सुवाच्य अक्षरात. पंचवीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम. सरकारी कागद दिसला की हात आपोआप पहिल्या ओळीत आपलं नाव टाकतो. समोर बसलेले वनपाल माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत कागद वाचला आणि जराही न हसता म्हणाले, "सर, नर का मादी ते बी लिहा मग."

दुसरा अर्ज घेतला. प्राणी : सांबर. वस्तू : शिंगांची जोडी. कुठून कुठं : वसमतहून निजामाबादला, म्हणजे महाराष्ट्रातून तेलंगणात.

निजामाबादला माझी धाकटी बहीण दिलेली आहे. शिंगं तिला द्यायची होती.

सांबर आजोबांनी मारलं होतं, निजामाच्या काळात. तेव्हा तो गुन्हा नव्हता, उलट त्याचं कौतुक असायचं. गावानं दोन दिवस मटण खाल्लं, उरलेलं मीठ लावून वाळवलं आणि आजोबांनी ते रेल्वेनं निजामाबादकडं दिलेल्या त्यांच्या बहिणीला पोचवलं. कुणी अडवलं नाही. अडवणार कोण? तेही निजामाचं, हेही निजामाचं. मध्ये सरहद्दच नव्हती. आजोबांनी बहिणीला अख्खं मटण पोचवलं, आणि मला नुसती शिंगं पोचवता येईनात, तीही चार वर्षांत.

पुढं कायदा आला तेव्हा वडिलांनी धावपळ करून मालकीचं प्रमाणपत्र काढलं. त्यावर लिहिलेलं आहे : डावे शिंग टोकास झिजलेले. ते आपोआप झिजलं नव्हतं. आमच्याकडं कुणाचे गाल सुजले, कुणाची छाती दुखली, की आई सहाणेवर पाणी टाकून शिंग उगाळायची आणि तो लेप लावायची. गल्लीतली बायामाणसंही वाटी घेऊन यायची. बरं वाटायचं का, ते माहीत नाही. पण आईचा हात गालावरून फिरायचा, हे नक्की.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात बहीण दोन महिने येऊन राहिली. रोज सकाळी शिंग उगाळून त्यांच्या गुडघ्यांना लावायची. एकदा वडील म्हणाले, "ही शिंगं हिला देजो." मी म्हणालो, "व्हय."

वडील गेल्यावर वाटणीचं निघालं. आमच्याकडं बहिणीनं शेतावरचा हक्क सोडायचा असतो. असा कायदा नाही, उलट कायदा बरोबर दुसऱ्या बाजूनं आहे आणि तो मी दर वर्षी नववीला शिकवतो. तरीही मी तिला हक्कसोडपत्रावर सही करायला घेऊन गेलो. तिनं केली. बाहेर टपरीवर आम्ही चहा प्यायलो आणि ती म्हणाली, "दादा, शिंगं?"

"कागद झाले की लगेच," मी म्हणालो.

कागद होत होते. आधी प्रमाणपत्र वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर यायला हवं होतं. मग दुसऱ्या राज्यात न्यायची परवानगी. पहिल्या भाऊबीजेला तिनं विचारलं, दुसऱ्या भाऊबीजेला विचारलं. मी दोन्ही वेळा ताटावर बसून वन्यजीव कायदा समजावून सांगितला. विकायची नाहीत, भेट द्यायची तरी विचारून, सीमेपलीकडं न्यायची तर कळवून. ती मान डोलवत राहिली. तिसऱ्या भाऊबीजेपासून तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, पटलं तिला. एका तरी माणसाला नागरिकशास्त्र कळलं म्हणून मी मनातून सुखावलो होतो.

शिंगं जुन्या धोतरात गुंडाळून, पोत्यात घालून आमच्या वसमतच्या घरी माळ्यावर ठेवली होती. मी कधी चढायला निघालो की बायको म्हणायची, "राहू द्या, धूळ पडते. तुमाला खोकला होतो." एवढी काळजी आपली कुणी करतं, याचंही मला बरं वाटायचं.

शेवटी या पावसाळ्यात वनपालांचा फोन आला : मोजमाप करायचं आहे, शिंगं घेऊन या. मी शाळेला रजा टाकली. बायको सकाळीच तिच्या बहिणीकडं गेली होती, म्हणून मीच स्टूल लावून पोतं उतरवलं आणि हिंगोलीची एसटी धरली. पोतं मांडीवर, प्रमाणपत्र खिशात. औंढ्यापर्यंत एक टोक सारखं मांडीत रुतत होतं. आजोबांच्या सांबरात अजून दम आहे, असं मी शेजारच्या प्रवाशाला अभिमानानं सांगितलंसुद्धा.

वनपालांनी टेबलावर फूटपट्टी मांडली, पोत्याची गाठ सोडली, धोतर उलगडलं आणि "आई गं" म्हणून बोट तोंडात घातलं.

आत बाभळीच्या दोन फांद्या होत्या. काट्यांसकट. जाडीला, लांबीला अगदी शिंगांच्या मापाच्या. एका फांदीचं टोक घासून बोथट केलेलं होतं. डाव्या.

शेजारच्या टेबलावरचा कारकून उठून बघायला आला. "सांबर लई दिवस झाडाखाली बसलं वाटतं," तो म्हणाला.

वनपाल मात्र हसले नाहीत. "सर, तुमच्या नावावर प्रमाणपत्र हाय. वस्तू तुमच्या ताब्यात हाय असं तुमी सही करून दिलं. मग वस्तू कुठंय?"

"चुकून दुसरं पोतं आणलं," मी म्हणालो. वर्गात असं उत्तर देणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करतो.

"घरी दोन-दोन पोती ठेवता का?" ते म्हणाले. "आठ दिवसांत शिंगं दाखवा. न्हाई तर चौकशी लागंल. विकली असं कुणी धरलं तर तुमची नोकरी बी अडचणीत येईल."

चुकून म्हणालो खरं, पण मला तेव्हाच कळलं होतं. पोत्याची गाठ ज्या पट्टीनं मारली होती ती हिरव्या साडीची होती. ती साडी मीच घेतली होती, बायकोला, वसमतच्या बाजारात.

बसस्टँडवर येऊन बहिणीला फोन लावला.

"शिंगं कुठंयत?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "माझ्याकडं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होऊन गेली. दुसऱ्या भाऊबीजेला नेली."

"कशी नेली?"

"दादा, तूच तर दिलीस गाडीत ठेवून."

आणि मला ते सगळं आठवलं. नांदेडच्या गाडीत मी तिचं पोतं चढवलं होतं. जड होतं. काय भरलंस म्हणून विचारलं, तर बायको मागून म्हणाली, हळकुंडं. निजामाबादला हळदीचा एवढा मोठा बाजार, तिथं वसमतहून हळकुंडं कोण नेतं? असा प्रश्न कुणाही माणसाला पडला असता. मी कंडक्टरला उलट बजावलं, जपून ठेवा, बाईमाणसाचं सामान हाय. परवानगीशिवाय वन्यप्राण्याची शिंगं राज्याबाहेर रवाना केली ती मीच, स्वतःच्या हातांनी, आणि वर हात हलवला.

"वहिनीनं फांद्या तोडून आणल्या," ती सांगत होती. "एक घासून बी ठेवली. मी म्हणलं काहून एवढं करता, तर म्हणल्या, सरांनी कधी उघडून बघितलं तर एका नजरेत कळू नये."

एका नजरेत. दोन वर्षं मी त्या पोत्याखाली झोपलो. त्या बाभळीसाठी अर्ज लिहिले, स्मरणपत्रं लिहिली. पुढच्या दोन भाऊबीजा कुणी न विचारताही ताटावर बसून मी कायदा सांगत होतो आणि स्वयंपाकघरातून हसू येत होतं. मला वाटायचं, नणंद-भावजयीचं जमतंय. मी त्या दोघींना एवढं काय केलं होतं की घरातली एक गोष्ट मला सांगण्यासारखी नव्हती? चोर मी नव्हतो, फसवणारा मी नव्हतो. तिथं बसस्टँडच्या बाकावर मला खरोखर रडू आलं आणि एक कंडक्टर म्हणाला, "काका, गाडी चुकली का?"

"मला इचारायचं तरी," मी फोनवर म्हणालो.

"चार वर्षं इचारलं की."

"चार न्हाई. दोन."

"बराबर. दोन वर्षं इचारलं." ती शांतपणे म्हणाली. "शेत सोडायला मला एक सकाळ लागली, दादा. तवा तू म्हणला न्हाईस, थांब, कायदा बघू. शिंगाच्या वक्तालाच तुला कायदा आठवला."

तिचं खरं होतं. राग मात्र होता, तो जागचा हलला नाही. दोन्ही एकदम असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ती म्हणाली, "आता काय करून राहिला तू? लिही की चोरीला गेली."

"मग चौकशीत कामवाल्या बाईला बोलावतील. गल्लीतल्या पोरांना बोलावतील."

"मग?"

"खरं लिहितो. मी पाठवली असं लिहितो. पण तुझ्याकडं नोटीस येईल. कदाचित शिंगं नेतील बी."

तिनं आधी कुकर उतरवला. मग म्हणाली, "लिही. पण हक्कसोडीचं बी लिही त्यात. मी शेताच्या बदल्यात काय मागितलं व्हतं ते लिही. साहेब लोकांना बी कळू दे."

मी माघारी कचेरीत गेलो. वनपाल डबा खात होते. त्यांनी कोरा कागद दिला आणि मी उभ्यानंच लिहिलं : वडिलांच्या इच्छेनुसार सदर शिंगे माझ्या बहिणीस मी स्वतः वाहनात ठेवून दिली, परवानगी घेतली नाही, ही माझी चूक आहे. त्याखाली बहिणीनं सांगितलं तेही लिहिलं. हक्कसोडपत्राचं वाक्य एकदा खोडलं, परत लिहिलं. बायकोचा उल्लेख मी कुठंच केला नाही. पोत्यात फांद्या कुणी घातल्या, या वनपालांच्या प्रश्नावर 'कळत नाही' असं लिहिलं.

वनपालांनी वाचलं. "हे वर पाठवावं लागंल, सर. तेलंगणाच्या ऑफिसला बी पत्र जाईल. काय होईल ते मी सांगू शकत न्हाई." मग म्हणाले, "बहिणीचं वाक्य राहू द्या. खोडू नका."

संध्याकाळी घरी आलो तर बायको ओसरीवर बसली होती. बहिणीचा फोन तिला आधीच येऊन गेला होता. आमच्या घरात बातमी मला सोडून सगळ्यांना वेळेवर पोचते. मी चपला काढल्या नाहीत, तसाच बसलो. म्हणालो, तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. दोन वर्षं तू माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोललीस.

तिनं नाकारलं नाही. माफीही मागितली नाही. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, माझं काय लिहिलं त्या कागदात? मी म्हणालो, काही नाही, तुला वाचवलं.

"काहून?" ती म्हणाली. "फांद्या म्या तोडल्या, काटे म्या सोसले, तुमची बहीण रडत व्हती तवा जवळ मी व्हते. उद्या पहिल्या गाडीनं जा आन् माझं बी नाव लिवून या."