अकरा सिनेमांचा नायक

हे अब्बांना माहीत नाही, अम्मीलाही नाही. तीन वर्षं मी हे कुणापाशी बोललेले नाही. आज तुमच्यापाशी बोलायला बसले, आणि बघा — आधी दुसऱ्यांचाच राग येतोय. तो आधी ओकून टाकते. मग माझं सांगते.

इथे कुवेतमध्ये, अबू हलीफात ज्या शिलाईच्या दुकानात अब्बा कटिंग मास्तर आहेत, त्याच्या शेजारी पुरुषांचं सलून आहे. तिथे रामिल नावाचा फिलिपिनो माणूस केस कापतो. वय अठ्ठावन्न, पाठ अजून ताठ. सगळे त्याला 'कुया' म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. दुपारी दुकानं गिऱ्हाइकांना बंद असली की तो अब्बांच्या दुकानात येऊन बसायचा, आणि अब्बा मशीनवरून मान वर न करता ओरडायचे, "काय गो नसीमा, हिरोला चाय दे!"

कारण कुया खरोखरच हिरो होता. मनिलात. अकरा सिनेमांत.

लोक हसायचे. अब्बांचे मुरुडकडचे दोस्त तर त्याच्या तोंडावर, मराठीत — "हा हिरो, तर मी वजीर!" त्याला कळत नाही असं समजून. आपल्याला हसताहेत हे कळायला भाषा लागते का?

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. दहावीपर्यंत श्रीवर्धनला मराठी शाळा, मग इथे. दुसऱ्या वर्षी आम्हाला एका खऱ्या माणसाचं चरित्र लिहायचं होतं, इंग्रजीतून. मी कुयाला विचारलं. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "तुम लिखो, सिस्टर. हम सब बोलेगा."

चार आठवडे तो बोलला. जन्म उसाच्या शेतांच्या एका बेटावर. मनिलाच्या बंदरावर हमाली करताना जवळच शूटिंग चाललेलं. नायक पुलावरून नदीत उडी मारायला तयार होईना. कुयाने मारली. तीनदा, कारण कॅमेरा दोनदा चुकला. पुढच्या सिनेमात कुयाच नायक. निर्मात्याने त्याला भारदस्त नाव दिलं आणि आवाज काढून घेतला: बोलण्यात बेटाचा हेल होता, म्हणून पहिल्या तीन सिनेमांत त्याच्या तोंडी दुसऱ्याच माणसाचा आवाज. "अपना पिक्चर देखने गया, अपना आवाज नहीं," असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. चौथ्यात तो भांडून स्वतः बोलला. पुढे मारामारीचे सिनेमे चालेनासे झाले. नायकाचा खलनायक झाला, खलनायकाचा गुंड झाला — नव्या पोरांच्या हातून मार खाणारा. स्टुडिओ बंद पडला. रिळं, पोस्टरं, कात्रणं, सगळं पुरात कुजलं. तेव्हा तो केस कापायला शिकला आणि इथे आला.

खरं होतं का हे? खरंच होतं. मला पक्कं माहीत होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एकदा एक वयस्कर फिलिपिनो बाई त्याला पाहून थबकली, अंड्यांचा ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या सिनेमातलं एक वाक्य म्हणाली. कुयाने पुढचं वाक्य म्हटलं. तिने पुढचं. मग दोघं डोळे पुसायला लागली. तिचा नवरा गावच्या थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचा. थिएटरच्या दारावरच्या जुन्या पोस्टरचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता. पुलाच्या कठड्यावर उभा कुया, खाली मोठ्या अक्षरांत नाव. कुयाचा फोन साधा बटणांचा, म्हणून तो फोटो मी माझ्या फोनवर घेतला. ती बाई आठवड्याने कायमची मायदेशी गेली.

वर्गात मी लेख वाचला. मागून कुणीतरी म्हणालं, "सलूनवाला हिरो!" आणि सगळे हसत सुटले. मॅडमनी विचारलं, इंटरनेटवर नाव आहे का? नव्हतं. त्याच्या सिव्हिल आयडीवर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, व्यवसाय काय लिहिलाय? मी म्हटलं, न्हावी.

"मग?" त्या म्हणाल्या.

मग! माझ्या अब्बांच्या कार्डावर शेतमजूर लिहिलंय, व्हिसा त्याच कामाचा मिळाला म्हणून. पंचवीस वर्षं ते कुवेती पुरुषांचे लांब अंगरखे बेतताहेत. या देशात त्यांनी शेत बघितलेलंसुद्धा नाही. कार्डाची किंमत त्या अख्ख्या वर्गात माझ्याइतकी कुणाला ठाऊक होती? अंगाची नुसती आग झाली. फोन मांडीवर होता. आणि मी — मी म्हणाले, "येस मॅम, मलाही शंका होतीच."

मॅडमनी सुचवलं, मग स्वप्नात जगणाऱ्या एका कामगाराबद्दल लिही. मी लिहिलं. मथळा दिला — कधीच न बनलेल्या सिनेमांचा नायक. मन लावून लिहिलं, ते आणखी वाईट. लेख पहिला आला आणि कॉलेजच्या कार्यक्रमात छापून भिंतीवर लागला.

मी कुयाला कळवलं नव्हतं. अब्बांनी कळवलं, अभिमानाने.

तो आला. कडक इस्त्रीचा पांढरा नक्षीदार शर्ट घालून, मुलीला घेऊन. ती अहमदीत नर्स आहे. तिच्या जन्माआधीच सिनेमे संपले होते. ती बापाला केस कापतानाच बघत मोठी झालेली. विषय निघाला की ती "पा, पुरे" म्हणते, हे त्यानेच मला सांगितलं होतं. म्हणून तर तो चार आठवडे बोलला. कॉलेजने छापलेलं पोरगी मानेल, एवढंच त्याला हवं होतं.

तिने सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मग त्याच्या दंडावर हात ठेवला. "इट्स ओके, पा." ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती त्याची कीव करत होती.

कुयाला काही उमजेना. तो माझ्याकडे वळला. "नसीमा, तुम्हारा फोन में फोटो है ना? इसको दिखाओ."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

मी म्हणाले, "कौनसा फोटो?"

 मुलीने त्याला हाताला धरून बाहेर नेलं, आजारी माणसाला नेतात तसं.

वर्गाचा राग येतो, मॅडमचा येतो, अब्बांच्या दोस्तांचा येतो. पण 'कौनसा फोटो' त्यांच्यापैकी कुणी म्हटलं नाही. आणि त्यानंतरचं तर कुणालाच ठाऊक नाही. घरी जाताना बसमध्ये मी तो फोटो पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दारात जाऊन दाखवता आला असता. पण दाखवला असता तर मी खोटी ठरले असते. त्या बाईचा पत्ता कुणापाशीच नव्हता, तो फोटो आता फक्त माझ्याकडे होता, हे माहीत असून पुसला.

कुया आता दुपारचा येत नाही. "पाठ दुखते म्हणतो," अब्बा सांगतात.

गेल्या महिन्यात मी दुकानाबाहेर अब्बांची वाट बघत उभी होते. सलूनचं दार उघडं होतं. खुर्चीत कुणी नवं गिऱ्हाईक होतं, गप्पिष्ट. "हात में सफाई है, उस्ताद. पहले से यही काम?"

"हां सर," कुया म्हणाला. "पहले से यही."

त्याला मी दिसले होते. त्याने कात्री थांबवली नाही.