फक्कीतलं दार

मैदानावर फक्की मारताना चुन्याचा तो कोरडा वास आला, की मला खडवलीचा आमचा प्लॉट आठवतो. घराची आखणी नुकतीच झालेली, भिंतींच्या जागी नुसत्या पांढऱ्या रेघा, तरी आम्ही सगळे आत शिरलो ते दाराच्या जागेतूनच. नवऱ्याला मोठा, मोकळा हॉल हवा होता. सासूबाईंनी त्या हॉलच्या जागी प्लास्टिकची खुर्ची मांडली, पाहुण्यासारख्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "जा गं, तुझ्या खोलीत जाऊन बस." मी पलीकडे गवतात जाऊन बसले. "मला इथून तू दिसतेयस. दार चुकलंय," सासूबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, "आई, घरचीच तर माणसं येणार." "डोंबिवलीच्या चाळीतही घरचीच माणसं होती. लग्नानंतर कित्येक वर्षं मी पडद्याआड साडी बदलली रे," त्या शांतपणे म्हणाल्या. मग स्वतःच चपलेने रेघ पुसून त्यांनी माझं दार कोपऱ्याआड, स्वयंपाकघराच्या बाजूला नेलं. आता त्या नाहीत. हॉलमधल्या गप्पा मला खोलीत पडल्या पडल्या ऐकू येतात आणि मी कोणालाच दिसत नाही. ते दार मी दिवसा कधी लावलेलं नाही. लावायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही.