अब्बांच्या जनाज्यातली फातिहा

शेजारच्या आरतीचा कापूर दरवळला की मला जयपूरमधली एक थंड दुपार आठवते. अब्बांच्या कफनालाही कापूर लावला होता.

अब्बा रेल्वेत होते. रत्नागिरीहून बदलीनं आलेले आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. आमच्यात जनाज्याच्या नमाजेत, दफनाआधीच्या प्रार्थनेत, फातिहा म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय पढावाच लागतो. जयपूरची मशीद दुसऱ्या, हनफी पंथाची. त्यांच्यात ती पढत नाहीत. मोठमोठे आलिम, धर्माचे जाणकार, दोन्ही बाजूंना आहेत. अब्बा अचानक गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. मैयत उचलताना अम्मीनं माझी बाही धरली. "फातिहेशिवाय त्यांना मातीत ठेवू नको रे," एवढंच ती म्हणाली.

कब्रस्तानात मी चाचरत इमामसाहेबांना हे सांगितलं. मागून कुणीतरी तडकलं, "यहाँ ऐसा नहीं होता!"

इमामसाहेब हळूच म्हणाले, "बेटा, दुआ समझकर तो हम भी पढ़ सकते हैं. तुम अपनी पूरी कर लो, मैं रुकूँगा."

पहिल्या तकबिरीनंतर, 'अल्लाहु अकबर' म्हणून झाल्यावर, सगळे निःशब्द उभे राहिले. मी हळू आवाजात फातिहा पढत होतो, आयत मध्येच तुटत होती, मी पुन्हा सुरू करत होतो. मागे खोकले आणि कुजबुज वाढत गेली. इमामसाहेब हलले नाहीत, पुढची तकबीर त्यांनी थांबवून धरली.

तेव्हा वाटलं, त्यांनी माझी सोय केली. आज कळतं, आपल्याच माणसांचा रोष पाठीवर घेऊन ते उभे होते.

पुढं आम्हाला क्वार्टर सोडावं लागलं. अब्बा तिथंच राहिले. त्यांच्या कबरीपाशी जाणारं आमच्यातलं आता जयपुरात कुणीच नाही.