दोन डब्यांतले छर्रे

विभागीय स्पर्धेच्या आधी मी एअर रायफलसाठी छर्ऱ्यांच्या दोन डब्या आणल्या. कंपनी एकच, वजन एकच, झाकणावरचा लॉट नंबर तेवढा वेगळा. आपल्या रायफलला कोणता लॉट मानवतो ते मारूनच बघावं लागतं, असं प्रशिक्षकांनी सांगितलं होतं.

बाबा आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये टेबलावर वाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, बसवला, जबड्यांना जुन्या ट्यूबचं रबर लावलं आणि रायफल त्यात आवळली. दहा मीटरवर टार्गेट. पहिल्या डबीतले छर्रे एकाच भोकात गेले, दुसरीतले विखुरले. प्रश्न सुटला म्हणून मी रायफल हातात घेतली, तर नेमकं उलट. पुन्हा वाइस, पुन्हा हात, तेच.

“आता हे काऊन?” बाबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्यांनी सगळे छर्रे साबणाच्या पाण्यात धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घातलेले. वरच्या तेलामुळे असं होत असावं, हा त्यांचा अंदाज. दोन कागदांवर दोन वेगळे ढीग केले होते. पण फरशी पुसताना आईनं ते उचलून एकाच ताटलीत ओतले. तिला ते एकच वाटले होते.

“बाबा, यातले कोणते कोणत्या डबीतले?”

ते बराच वेळ बोटानं छर्रे सरकवत राहिले. मग हळूच म्हणाले, “मले तं सारे सारखेच दिसून राह्यले.”

मला आईवर रागवायचं होतं, पण फरक काय तो मलाही कुठे कळला होता? नवे मागवायला वेळ नव्हता. तीच ताटली डबीत रिकामी करून आम्ही नागपूरला गेलो.

पहिली फेरी इतकी चांगली गेली की मलाच खरं वाटेना. दुसरी घसरली. तिसरीत पुन्हा नेम बसू लागला. प्रत्येक छर्रा भरताना वाटे, हा कुठला? मग तेही वाटेनासं झालं. राज्य स्पर्धेसाठी माझी निवड झाली.

परतीच्या बसमध्ये बाबांनी विचारलं, मी वेगळं काय केलं. काहीच नाही, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. कारंज्यापर्यंत ते दोन्ही तळहातांनी वाइसचे जबडे करून दाखवत, रबर जाड झालं असेल का, असं विचारत राहिले.