अकरा वाजेपर्यंत आपले

"ट्रकनं चिरडलेल्या माणसांच्या केसेस? तिथं काय हसणार तू!" वकिली शिकायला देवासहून धारला निघताना आई म्हणाली होती. काय सांगू तिला! इथं फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचलेत. रडत आलेल्या माणसालाही चहा लागतो, आणि चहा आला की गप्पा आल्याच.

तात्या माझे सीनियर. कोर्टात हिंदी बोलतात, चिडतात मात्र मराठीतच. जन्मभर ट्रकच्याच केसेस केल्यानं त्यांनी ट्रकची धास्ती घेतलीय. एकदा माझ्या स्कूटीवर मागं बसून लेबडला निघाले. ट्रक दिसला की, "पोरी, थांब! जाऊ दे त्याला!" आम्ही फोरलेनच्या कडेला उभेच.

"तात्या, निघायचं का आता?"

"सगळे ट्रक गेले की!"

सतवासचा एक साक्षीदार. तात्यांनी विचारलं, ट्रकचा नंबर काय होता?

"नंबर तो नी देखा भिया. पीछे 'फिर मिलेंगे' लिखा था।"

तात्या मला म्हणाले, "लिहून घे. शब्द तरी दिलाय ट्रकवाल्यानं!"

आता दुबे भिया; इकडे भैयाला भियाच म्हणतात. हे विमा कंपनीचे वकील, म्हणजे आमच्या विरुद्ध. पण सकाळी, अकराला कोर्ट भरेपर्यंत, पोहे खायला आमच्याच ऑफिसात! एका पक्षकारानं त्यांना आणि तात्यांना एकाच प्लेटमधून शेव उचलताना पाहिलं आणि बिचारा घाबरलाच.

"वकील साब, ये अपने हैं कि उनके?"

तात्या म्हणाले, "अकरा वाजेपर्यंत आपले!"

आणि गेंदालाल! बदनावर मंडीतला हमाल. ट्रकनं त्याचा उजवा पाय कायमचा निकामी केला. पोती उचलणं संपलं, घर एकट्या बायकोवर आलं. पण कुणीही हाल विचारले की हा म्हणणार, "बढ़िया!" डॉक्टरांनाही तेच. शिवाय काठी बाहेर चपलांपाशी ठेवून भिंत धरत आत येणार. मोठ्या माणसांसमोर काठी घेऊन जायचं नसतं म्हणे!

तात्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, कोर्ट में बढ़िया बोला तो केस गई!"

"तो क्या रोऊँ, साब? कोई प्रेम से पूछे तो बढ़िया ही बोलते हैं।"

आठवडाभर त्याची उजळणी घेतली. 'बढ़िया नहीं बोलना, काठी नहीं छोड़ना.' तो प्रत्येक वेळी मान डोलवायचा. मला मात्र जाम धाकधूक होती.

तारखेला जज मॅडमनी त्याला पुढं बोलावलं. मी मागं वळून पाहिलं, तर काठी दाराबाहेर, चपलांपाशी! गेंदालाल बाकं धरत धरत पुढं आला आणि हात जोडून उभा राहिला.

"कैसे हो?" मॅडमनी विचारलं.

"बढ़िया, हुजूर!"

तात्यांनी डोळेच मिटले. दुबे भिया टुणकन उठून गेंदालालच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "देखिए मैडम, खुद बोल रहे हैं! लाठी तक नहीं है! ऐसा आदमी बोरे क्यों नहीं उठा..."

तेवढ्यात गेंदालालचा पाय लटपटला. दुबे भियांनी झटकन त्याला दंडाला धरून सावरलं, आणि सवयीनं बोलतच राहिले. "...सकता? बिना किसी सहारे के खड़े हैं, मैडम!"

कोर्टात खसखस पिकली. मॅडमनी चष्मा खाली घेतला.

"दुबेजी, हाथ छोड़कर बोलिए।"

दुबे भियांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग गेंदालालकडे. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

"नहीं छोड़ सकता, मैडम," ते म्हणाले. "गिर जाएगा।"