मिस्त्रींचा उजवा डोळा

आमचे मिस्त्री एक डोळा मिटून जगाकडे बघायचे. फळी उचलायची, उन्हाकडे धरायची, डावा डोळा मिटून उजव्याने तिची कड निरखायची. माणसालाही तसंच जोखायचे. मी मास्तर म्हणून जळकोटला बदलून आलो, तेव्हा मला नीट न्याहाळून म्हणाले, "सर, तुम्ही मधातून जरा वाकलेले दिसून राहिलात. लग्न झालंय जणू."

त्यांचं दुकान म्हणजे लिंबाखालची उघडी जागा, मागे दोन खोल्यांचं घर. "लाकूड उन्हातच खरं बोलतंय," म्हणायचे. जाणारा-येणारा थांबायचा. मी तर रोजचाच. चहा त्यांचा, बडबड माझी.

मग नाकातून रक्त येऊ लागलं. नाकामागच्या पोकळीत कर्करोग निघाला. हैदराबादेत ऑपरेशन झालं, टाळूचा तुकडा गेला, बोलणं घुमं झालं. ते समजायला वेळ लागायचा आणि लोकांना घाई असायची. थांबणारे कमी झाले. वर्षभराने रोग त्याच जागी उलटला. पुन्हा कापायचं तर उजवा डोळाही जाणार होता.

डॉक्टरांनी दुसरा एक उपाय सुचवला. शिरेतून औषध द्यायचं. ते रोगट जागी साचतं आणि निळ्या उजेडात तिथं लाल चमकतं. मग नाकात बारीक तार घालून उजेड सोडायचा आणि तेवढंच मारायचं.

"उजेडच पाहिजे तर लिंबाखाली बसा की," मी अक्कल पाजळली. निघालं नेमकं उलटं. ते औषध अंगात असेपर्यंत ऊन लागलं की कातडी भाजते. उपचार करून मिस्त्री परतले ते महिनाभर आतल्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून. बायको केव्हाच वारलेली, लेक उमरीला दिलेली. ती चार दिवस राहून गेली. डबा आमच्या घरून जायचा.

त्यांना करमावं म्हणून मी युक्ती काढली. मी बाहेर लिंबाखाली स्टूल करायचं, त्यांनी आतून शिकवायचं. भुसा नाकात जायला नको म्हणून दार बंद. मी रंधा मारला की आतून घुमा आवाज यायचा, "सर, लाकूड हाय ते. खोबरं किसून राहिलात का?"

"मग थांबू का?"

"थांबू नका. किसा. आवाज तर येऊ द्या."

मी दम खायला थांबलो की लगेच विचारायचे, "गेलात का?"

महिना सरला. दार उघडून मिस्त्रींनी आधी नुसता हात उन्हात धरला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा. आम्ही दोघं त्या हाताकडे बघत बसलो. काही झालं नाही. मग बाहेर येऊन त्यांनी माझं स्टूल उचललं, डावा डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये बघायला वाचवला व्हय मी डोळा?"

पुढच्या तपासणीत पुन्हा औषध देऊन बघितलं, निळ्या उजेडात काही चमकलं नाही. दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्यांदा मात्र रोग उजेड पोचणार नाही इतका खोल गेला. लेक त्यांना उमरीला घेऊन गेली. निघताना रंधा माझ्या हातात देत म्हणाले, "काम करू नका याच्यानं. नुसता चालवत जा."

उमरीहून ते परतले नाहीत, निरोपच आला.

सुट्टीच्या दिवशी मी लिंबाखाली त्या डुगडुगत्या स्टुलावर बसतो आणि एखादी टाकाऊ फळी किसतो. मध्येच हात थांबवतो. दार बंदच असतं. जरा वाट बघतो, आणि पुन्हा किसायला लागतो.